लुआंग प्रबांगमध्ये आठवडाभर निवांत राहावे का?

प्रश्न

लाओसमधील लुआंग प्रबांग या गावी मी आणि माझी पत्नी जाण्याचा विचार करीत आहोत. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात या गावाच्या वाट्याला जेमतेम दोन रात्री येतात आणि त्याही धबधबा व गुहा पाहण्याच्या धावपळीत संपतात. आम्हाला मात्र एकाच जागी आठवडाभर मुक्काम करून सकाळी नदीकाठी बसावे, थोडे फिरावे आणि दुपारी वाचत पडावे असे वाटते. पत्नीच्या गुडघ्यांना फार चढ-उतार सोसत नाही आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. इतके दिवस मन रमेल का? राहण्यासाठी गावाचा कोणता भाग चांगला? मुख्य म्हणजे, जानेवारीत जावे की मार्चमध्ये?

प्रतिसाद १

अवश्य राहा, हे गाव घाईने पाहिले तर हाती काहीच लागत नाही. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमापाशी जमिनीची जी चिंचोळी पट्टी आहे, तेच जुने गाव. १९९५ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुक्काम या पट्टीवरच करा, म्हणजे सगळे पायी होते. मेकाँगच्या बाजूला सूर्यास्त दिसतो, पण वर्दळ अधिक. निवांतपणा हवा असेल तर नाम खानकाठचे एखादे लहान अतिथिगृह पाहा.

वाट शिएंग थोंग हे सोळाव्या शतकातले मंदिर एकदाच पाहून सोडू नका. मुख्य मंदिराच्या मागच्या भिंतीवर, लाल पार्श्वभूमीवर, रंगीत काचांच्या तुकड्यांनी एक मोठा वृक्ष साकारला आहे. उन्हाची तिरीप बदलली की त्यातले वेगवेगळे तुकडे चमकू लागतात. त्याच आवारात राजघराण्याचा अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली इमारत आहे आणि तिच्या दर्शनी भागावरील सोनेरी कोरीवकामात रामायणातले प्रसंग आहेत. लाओ लोकांचे स्वतःचे रामायण आहे, त्याला ते ‘फ्रा लाक फ्रा लाम’ म्हणतात. आपल्या कानांवर ही कथा लहानपणापासून पडलेली असल्याने ते प्रसंग ओळखत उभे राहण्यात वेळ फार छान जातो.

प्रतिसाद २

जेवणाबद्दल मात्र सावध राहावे लागेल. तेथे माशांचा आंबवलेला रस कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही घालतात, त्यामुळे नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. मासे आणि माशांचा रसही नको, हे स्पष्ट सांगावे. मेकाँगमधील शेवाळ तीळ, लसूण व टोमॅटो लावून वाळवतात आणि तळून देतात. ते जरूर खा, पण सोबतच्या तिखट चटणीत बहुधा म्हशीचे कातडे असते, ती टाळा. चिकट भात वेताच्या किंवा बांबूच्या छोट्या टोपलीतून येतो. चिमूटभर घेऊन बोटांनी त्याचा गोळा करायचा आणि भाजीत बुडवून खायचा. रात्रीच्या बाजाराशेजारी शाकाहारी पदार्थांच्या गाड्या असतात आणि गावात भारतीय खाणावळीही आहेत, त्यामुळे उपाशी राहण्याची वेळ येणार नाही.

प्रतिसाद ३

गुडघ्यांचा विचार करता फूसी टेकडी सोडून द्यावी. वर जायला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि सूर्यास्ताला तेथे उभे राहायलाही जागा मिळत नाही. तोच सूर्यास्त मेकाँगच्या काठावरून खुर्चीत बसून पाहता येतो. पाक ऊच्या गुहांनाही पायऱ्या आहेत. नावेचा प्रवास सुरेख असल्याने तेवढ्यासाठी जायला हरकत नाही, पण गुहेचा आग्रह धरू नका. क्वांग सी धबधबा गावापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. त्याची खालची निळसर कुंडे फारसे न चढता दिसतात, म्हणून एक सकाळ त्यासाठी ठेवाच.

पहाटे भिक्षू रांगेने भिक्षा घेत जातात, तेव्हा कृपया रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला शांतपणे उभे राहा. हा त्यांच्या रोजच्या धर्माचरणाचा भाग आहे. तरीही पर्यटक त्यांच्या तोंडासमोर कॅमेरे धरतात आणि ते पाहून फार वाईट वाटते.

जानेवारी की मार्च, याचे उत्तर निःसंशय जानेवारी असेच आहे. तेव्हा सकाळी नदीवर धुके असते, बऱ्यापैकी गारवा असतो, म्हणून स्वेटर न्यावा. नाम खानवरचा बांबूचा पूल दर कोरड्या ऋतूत नव्याने बांधतात, तोही तेव्हा उभा असतो. मार्चमध्ये डोंगरउतारांवर शेतीसाठी राब जाळतात. तो धूर खोऱ्यात साचून डोळे चुरचुरतात आणि समोरचे डोंगरही नीट दिसत नाहीत. नदीकाठी बसून राहण्यासाठीच जाणार असाल, तर मार्च टाळा.