वाइनला मराठीत काय म्हणावं: अनुकारक की दुभाषी?

प्रश्न: लिनक्सवर विंडोजचे गेम कसे खेळायचे यावर टिपण लिहितोय. 'वाइन' या प्रोग्रामला 'अनुकारक' म्हणू का? आधी 'सुसंगतता स्तर' लिहिलं होतं, पण धाकट्या भावाला वाचून दाखवलं तर त्याला काहीच उमगलं नाही.

उत्तर: अनुकारक नको. 'वाइन इज नॉट ॲन एमुलेटर' (वाइन अनुकारक नाही) असं त्या नावातच सांगितलंय. एमुलेटर सोंग घेतो. डॉसबॉक्स जुन्या पीसीचं सोंग घेतो, प्रोसेसरपासून साउंड कार्डापर्यंत सगळं वठवतो. वाइनमध्ये गेमची आकडेमोड तुमचा प्रोसेसर थेट करतो. सिस्टिमकडे काही मागायचं झालं की मगच वाइन मध्ये येतं. गेम म्हणतो, सी ड्राइव्हवरची सेव्ह फाइल उघड. लिनक्सला सी ड्राइव्ह ठाऊकच नाही. वाइनने होम फोल्डरमध्ये 'ड्राइव्ह_सी' नावाचं फोल्डर करून ठेवलेलं असतं. ते तिथली फाइल लिनक्सच्या भाषेत मागतं आणि गेमच्या हातात देतं. हे काम दुभाष्याचं. १६७४ साली इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा नारायण शेणवी सोबत होता तो याचसाठी. इतका मुरलेला शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

प्रश्न: मग सरळ 'अनुवादक' का नको?

उत्तर: अनुवादक मजकूर घेऊन बसतो, सवडीने लिहितो. दुभाष्याला समोरचा बोलत असतानाच बोलावं लागतं. वाल्व्ह कंपनीच्या प्रोटॉनमध्ये (२०१८), म्हणजे वाइनवरच उभारलेल्या प्रोग्राममध्ये, वाइनच्या जोडीला डीएक्सव्हीके असतं, ते डायरेक्टथ्रीडीचं (विंडोजच्या चित्रं काढण्याच्या भाषेचं) बोलणं व्हल्कनमध्ये (लिनक्सवर चालणाऱ्या तशाच भाषेत) सांगतं. नव्या भागात पाऊल टाकल्यावर गेम क्षणभर अडखळतो ना? बरेचदा तिथले शेडर (ग्राफिक्स कार्डाला चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम) पहिल्यांदाच तयार होत असतात. ते साठवले जातात, म्हणून दुसऱ्या खेपेला तोच भाग सुरळीत जातो. नवा शब्द कानावर पडला की दुभाषीही असाच थबकतो. मला तर हा शब्द इथे फार आवडतो.

प्रश्न: पटलं. पण काही ऑनलाइन गेम अँटी-चीटमुळे (लबाडी पकडणाऱ्या प्रोग्राममुळे) चालतच नाहीत. तिथे 'दुभाष्याला जमत नाही' असं लिहू?

उत्तर: नको, तो त्याच्यावर अन्याय होईल. काही अँटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसायला मागतात, आणि इथे ते कर्नलच नाही. काहींना लिनक्सवर चालता येतं, पण गेम बनवणाऱ्यांनी परवानगी दिलेली नसते. 'या गेमला दुभाषी चालत नाही' असं लिहा.