दम लागतो तरी सुटत नाही – सिगरेट/विडी सोडल्याचे अनुभव लिहा

बाबांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) निघाला. स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून करतात ती फुप्फुसांची तपासणी) रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले आजपासून बंद, बाबा हो म्हणाले आणि खाली उतरून थेट टपरीवर. ज्यांनी या आजारात सोडलीये त्यांनी लिहा प्लीज, भाषण नको, काय केलंत ते सांगा.

*

वय ५८, तीस वर्षं रोज एक पाकीट, डॉक्टरांना मात्र कायम "चार-पाच". इनहेलर ओढला की दहा मिनिटांत छाती जरा मोकळी व्हायची आणि तेवढ्यात मी सिगरेट उरकून घ्यायचो, लिहितानाही लाज वाटतेय. एकदा जिन्यात कठडा धरून उभा होतो तर नात वरून विचारते, आबा, स्टॅच्यू झालात का? सोडल्यावर पहिले तीन दिवस घरात सगळ्यांवर खेकसलो. निकोटिनचं गम घेतलं ४ एमजीचं (उठल्या उठल्या लागायची मला), पण ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसलो आणि उचक्यांनी बेजार. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, हे नंतर कळलं. आणि सोडल्यावर खोकला वाढला!! म्हटलं ओढत होतो तेच बरं होतं, पण महिन्याभरात कफ कमी झाला. जिना अजूनही दमवतो, गेलेलं फुप्फुस काही परत येत नाही, पण या थंडीत अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली नाही.

*

मिस्टरांना थिओफायलिनची (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) गोळी चालू होती. सिगरेट बंद केल्यावर आठवड्याभरात मळमळ, धडधड, हात थरथरायला लागले, आम्ही समजलो तलफच असणार. डॉक्टरांनी डोस कमी केला. सिगरेटच्या धुरामुळे म्हणे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, ओढणं थांबलं की साठतं. सोडताना आधीच विचारून घ्या.

*

आमचे आजोबा विडीवाले, विडी म्हणजे सिगरेट नव्हे हे त्यांचं ठाम मत. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं तेव्हा कुठे सुटली, कारण नळी नाकात असताना काडी ओढली तर पेट घेईल. आजीने निरांजनसुद्धा दुसऱ्या खोलीत हलवलं.

*

पाकिटावर छापलाय तो तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, लावून बघा, फुकट आहे. मी तीन वेळा लावून कट केला, चौथ्यांदा बोललो.

*

धागाकर्ती: इनहेलरनंतरच्या सिगरेटचं बाबांना वाचून दाखवलं. गप्प बसले जरा वेळ, मग म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"