लग्नाच्या वर्षाची व्हिंटेज पोर्ट: १९८५ मधली कोणती सुचवाल?

शिरोलीचा ओतारी

नमस्कार. माझे थोरले बंधू आणि वहिनी यांच्या लग्नाला येत्या डिसेंबरात ४० वर्षे पूर्ण होत आहेत. फाउंड्रीच्या कामासाठी बंधूंच्या युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हापासून जेवणानंतर पोर्ट या गोड पोर्तुगीज वाइनचा एक लहानसा पेला त्यांना मनापासून आवडतो. इथे मात्र पोर्ट म्हटले की सगळ्यांना गोव्याच्या दुकानातली गोड, लाल, स्वस्त बाटलीच आठवते. त्यामुळे त्यांनी हा विषय घरात काढणेही सोडून दिले आहे.

लग्न १९८५ सालचे असल्यामुळे त्याच सालची अस्सल व्हिंटेज पोर्ट त्यांना भेट द्यावी, असे माझ्या मनात आहे. माझी मुलगी लंडनला असते आणि समारंभाच्या चार दिवस आधी मुंबईला उतरून गाडीने कोल्हापूरला येणार आहे. बाटली तीच आणेल. ग्रॅहम, फोन्सेका, टेलर, डाऊ, वॉर अशी पोर्ट बनवणाऱ्या घराण्यांची नावे तिने कळवली आहेत, पण आम्हा दोघांनाही त्यांतला फरक समजत नाही. आपली आवडती कोणती आणि का, हे जाणकारांनी सांगावे. चाखणारे आठ-दहा जण असतील. त्या दिवशी जेवणात तांबडा-पांढरा रस्सा असणारच, हेही लक्षात घ्यावे.

पोर्तोहून परतलेला

ओतारीसाहेब, साल आपोआप चांगले निघाले, हे आधी सांगतो. व्हिंटेज पोर्ट दरवर्षी होत नाही. पीक असामान्य उतरले असे वाटले तरच व्यापारी घराणी ते साल जाहीर करतात, आणि असे योग एका दशकात साधारण तीनदा येतात. १९६३, १९७०, १९७७, १९९४, २०११ ही त्यांतली गाजलेली साले आहेत. १९८५ हेही बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केले होते. बंधूंचे लग्न १९८४ साली झाले असते, तर आपली पंचाईत झाली असती.

माझी शिफारस ग्रॅहम १९८५ ची आहे, आणि ती मिळाली नाही तर फोन्सेका १९८५ ची. प्रत्येक घराण्याची स्वतःची एक चव असते. ग्रॅहम जरा जास्त गोड आणि भरदार असते, फोन्सेका रसाळ आणि मांसल असते, टेलरचा कणा ताठ असतो आणि डाऊ त्या मानाने कोरडी असते. मला स्वतःला एकट्याने बसून प्यायला डाऊ आवडते, पण ज्या घरात दहापैकी सात जण पहिल्यांदाच पोर्ट चाखणार आहेत, तिथे डाऊचा कोरडेपणा कोणाला पटेल असे वाटत नाही. ग्रॅहमच्या बाबतीत ती अडचण येत नाही.

गोव्याच्या बाटलीशी तुलना होणारच, म्हणून फरक सांगून ठेवतो. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातच होते आणि त्या प्रदेशाची हद्द १७५६ सालीच आखून दिलेली आहे. तिथल्या पाटीच्या खडकात वेलींची मुळे खोलवर जातात. द्राक्षे तुडवून रस आंबायला ठेवतात आणि निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांचेच ७७ टक्के अल्कोहोलचे मद्य ओततात. पारंपरिक प्रमाण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्य असे आहे. त्यामुळे आंबणे जागच्या जागी थांबते, मूळची गोडी राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे गोडी द्राक्षाचीच असते, वरून घातलेल्या साखरेची नसते.

व्हिंटेजचे वेगळेपण असे, की ती पिंपात दोन-तीन वर्षेच राहते आणि नंतर न गाळता बाटलीत भरली जाते. पुढचे मुरणे बाटलीतच होते. तरुणपणी तिला करवंद-जांभळासारखा तुरट, गडद स्वाद असतो आणि पंचवीस-तीस वर्षांनी तो सुक्या अंजिराकडे, मसाल्याकडे झुकतो. १९८५ ची बाटली आज प्यायला अगदी योग्य वयाची आहे.

राजारामपुरी नववी गल्ली

वरील माहितीशी सहमत आहे, शिफारशीशी मात्र नाही. न गाळलेली व्हिंटेज ४० वर्षांत बाटलीच्या तळाशी चांगलाच गाळ धरते. ती बाटली लंडन ते मुंबई विमानातून आणि मुंबई ते कोल्हापूर गाडीतून हिंदकळत येणार, आणि चार दिवसांत उघडली जाणार! तेवढ्यात गाळ नीट बसणार नाही. मग इतक्या किमतीची वस्तू गढूळ आणि कडवट लागली, तर दोष ग्रॅहमला लागेल, पुणे-कोल्हापूर रस्त्याला नव्हे.

म्हणून मी १९८५ सालचीच, पण कोल्हेता सुचवीन. हीसुद्धा एकाच सालच्या पिकाची पोर्ट असते, मात्र ती किमान सात वर्षे, आणि पुष्कळदा कितीतरी जास्त काळ, पिंपातच मुरते. गाळ पिंपात मागे राहतो आणि बाटलीत स्वच्छ, तांबूस-सोनेरी वाइन येते. लेबलवर पिकाचे साल आणि बाटलीत भरल्याचे साल अशी दोन्ही असतात. कोप्के हे १६३८ पासूनचे घराणे या प्रकारासाठी नावाजलेले आहे. चवीचे म्हणाल, तर अक्रोड, खारीक आणि हलकीशी काकवी. गुऱ्हाळाचा वास नाकात मुरलेल्या कोल्हापूरकराला ही चव परकी वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. शिवाय व्हिंटेज एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत उतरते, कोल्हेता मात्र फ्रिजमध्ये काही आठवडे चांगली राहते. बंधूंना रोज एक लहान पेला आवडत असेल, तर त्यांच्यासाठी हीच सोयीची आहे.

निवृत्त खलाशी

दोघांचे म्हणणे बरोबर आहे, पण ओतारीसाहेबांनी बंधूंच्या सोयीची बाटली विचारलेली नाही, समारंभाची विचारली आहे. दहा जणांत ७५० मिलिलिटरची बाटली एका बैठकीत संपते, त्यामुळे ती नंतर टिकण्याचा प्रश्नच उरत नाही. खरी अडचण प्रवासाची आहे, आणि तीही बाटली आधी पोचली तर सुटते. दिवाळीत लंडनहून कोणी येणार आहे का, ते पाहावे. इथे आल्यावर तिला तीन-चार आठवडे अंधाऱ्या, गार जागी आडवी ठेवावी. जुन्या बाटल्यांवर कधी कधी पांढऱ्या रंगाचा फराटा असतो. तो वरच्या बाजूची खूण असतो आणि गाळ त्याच्या विरुद्ध बाजूला बसलेला असतो. खूण वर ठेवूनच बाटली आडवी करावी आणि समारंभाच्या दोन दिवस आधी हलक्या हाताने उभी करावी.

बूच ४० वर्षांचे असेल, नेहमीच्या स्क्रूने त्याचा भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर उत्तम, नाहीतर भुगा गाळून घेण्याची तयारी ठेवावी. पिण्याच्या दोन-तीन तास आधी मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा उजेड धरून, एकाच संथ धारेने काचेच्या सुरईत ओतावी आणि मानेत काळपट रेघ दिसताच थांबावे. तळाचे अर्धा-पाऊण पेला द्रव सोडून द्यावे लागते. ते पिळून घेण्याचा मोह आवरावा.

परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, तेव्हा दोन बाटल्या बसतात. खरेदीची पावती जवळ ठेवावी. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, तोही काढून ठेवावा. गोव्यातून आणून आंबोलीने वर येण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडावा. तिथली बाटली विनापरवाना इकडे आणणे हा गुन्हा आहे आणि वाटेत तपासणी होते.

शिरोलीचा ओतारी

सर्वांचे आभार. दोन लिटरांची मर्यादा कळल्यावर माझा प्रश्न निम्मा सुटला. माझा पुतण्या दिवाळीला लंडनहून येतो आहे. तो ग्रॅहम १९८५ आणील, म्हणजे तिला महिनाभर विसावा मिळेल. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात दगडी भिंतींची एक खोली आहे, पूर्वी तिथे धान्य असे, तीच जागा ठरवली आहे. मुलगी डिसेंबरात १९८५ ची कोल्हेता आणील, आणि ती नंतर बंधूंच्या एकट्याची राहील. फक्त रश्श्याबरोबर काय करावे, ते राहिले.

राजारामपुरी नववी गल्ली

रश्श्याबरोबर काहीही करू नये. तिखट आणि २० टक्के अल्कोहोल एकत्र आले की जिभेला आगीशिवाय दुसरे काही कळत नाही. जेवण उरकल्यावर निदान तासभर जाऊ द्यावा आणि मग लहान पेल्यांत द्यावी. सोबत भाजलेले अक्रोड, खारे बदाम, फार तर थोडे कडू चॉकलेट ठेवावे. वहिनी बासुंदी करणार असतील, तर ती जेवणातच वाढावी. बासुंदीनंतर लगेच घेतलेली पोर्ट पांचट लागते.

पोर्तोहून परतलेला

पुतण्याला एवढे सांगावे, की इतकी जुनी बाटली घेताना ती आजवर कुठे ठेवलेली होती, हे विक्रेत्याला विचारावे आणि बाटली उजेडासमोर धरून पाहावी. वाइनची पातळी मानेतच असली पाहिजे. ती खांद्यापर्यंत उतरली असेल किंवा बुचाशेजारी चिकट ओघळ दिसत असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ग्रॅहमची तशी असेल आणि शेजारी फोन्सेकाची भरलेली असेल, तर बेलाशक फोन्सेका उचलावी.

आणि ओतारीसाहेब, सुरईत ओतण्याचे काम बंधूंनाच करू द्या. ४० वर्षांनी एवढा तरी मान त्यांना वहिनींसमोर मिळावा.