मदत हवी आहे: पावसात ड्रॉईंग डाय साफ कशा करायच्या आणि ठेवायच्या कशा?

कुंडईवाला

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळ कुंडई औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे. पितळी पत्र्यापासून निरांजनाच्या वाट्या, कुंकवाचे करंडे, अत्तरदाणीची टोपणं असा माल प्रेसवर काढतो. आमचा धंदा सगळा चवथीच्या आधीचा. ऑर्डरी आषाढात येतात, म्हणजे भर पावसात प्रेस चालवावी लागते. घाऊक घेणाऱ्यांना फोंड्यात काय, म्हापशात काय, माल चवथीच्या निदान पंधरा दिवस आधी लागतो. त्यामुळे थांबून बघू म्हणायची सोय नाही.

मामांनी त्यांचं वर्कशॉप आवरलं तेव्हा त्यांच्या डायचा संच माझ्याकडे आला. कपिंगची (चकतीचा कप करणारी) एक डाय, म्हणजे पोलादी साचा, आणि तिच्या पुढच्या ड्रॉच्या (कप लांब ओढायच्या) दोन, पत्रा आत दाबणाऱ्या पंचांसकट. डी-टू पोलादाच्या, हार्ड केलेल्या, चांगल्या माणसाच्या हातच्या आहेत हे बघताच कळतं. मामांकडे त्या ग्रीस फासून, वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडी पेटीत होत्या. पेटी उघडली तर वर्तमानपत्र पोलादाला चिकटलेलं. ते सोललं तेव्हा खालच्या गंजात अक्षरं उलटी उमटलेली दिसली.

वरवर पुसून एक डाय प्रेसला लावली. ०.८ मिमीचा पत्रा घेतला आणि नेहमीसारखं साबणाचं पाणी वापरलं. अडचणी अशा:

वाटीच्या बाहेरच्या अंगावर उभे ओरखडे येतात, आणि दर वेळी त्याच जागी. डायच्या तोंडाच्या गोलाईवर बॅटरी मारली की आत सोनेरी रेघा दिसतात. नखाने निघत नाहीत.

दुसरं म्हणजे वाटी पंचावरच अडकून बसते. स्ट्रिपर (पंचावरून माल सोडवणारा भाग) तिला ओढतो तेव्हा काठ वाकतो. मामांच्या हाताखाली हीच डाय वर्षानुवर्षं चालली आहे, तेव्हा मापात खोट असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे काम करणारा मुलगा म्हणतो, ड्रिलला एमरी (घासायचा कागद) गुंडाळून आतून फिरवू, पाच मिनिटांत चकाचक होईल. मी त्याला थोपवून धरलंय. फोंड्यातल्या एका दुकानदाराने अमोनियाचं पाणी सुचवलं. तो म्हणाला, पितळ त्यात विरघळतं आणि पोलादाला काही होत नाही. यूट्यूबवर काडतुसं रीलोड करणारे, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरणारे, अमेरिकन लोक त्यांच्या डाय कशा धुतात हेही बघितलं. तिथेही पितळच पोलादी डायमधून जातं, म्हणून विचारतो, ती पद्धत इथे चालेल का?

आणि साफ झाल्यावर ठेवायच्या कशा? दारं लावून घेतली तरी आमच्याकडे जुलैत सगळं दमट असतं.

---

लॅथमास्तर, कोल्हापूर

त्या पोराला एमरीपासून लांब ठेवलंस ते बरं केलंस भावा. ड्रिलने आत गोल फिरवलं की गोल चरे पडतात. पत्रा खाली सरकतो आणि चरे त्याला आडवे, मग प्रत्येक चऱ्यात पितळ अडकत जातं. आज चकचकीत दिसेल, उद्या दुप्पट ओरखडे.

दुसऱ्या अडचणीसाठी आधी पंच उलटा करून बघ. मधोमध हवेचं बारीक भोक असायला हवं. ते ग्रीसने बुजलं असेल तर वाटी पंचाला ओढून धरते, कारण आत हवा जायला वाटच नाही. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं, वरून भोक आहे की नाही तेही कळत नाही. तार घाल, मग रॉकेल सोड, मग कॉम्प्रेसरची हवा मार. डोळ्यावर चष्मा लाव, तो गोळा बंदुकीसारखा उडतो.

---

निवृत्त फिटर, खडकी

कुंडईवाले, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी दारूगोळा कारखान्यात गेली, तीही डाय आणि पंचांच्या खात्यात. काडतुसाची पितळी केस (दारू भरायची नळी) होते तीही अशीच. पत्र्यातून चकती, चकतीचा कप, कप पुन्हा पुन्हा लांब ओढायचा, मध्ये मध्ये भट्टीत घालून मऊ करायचा. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळाला जगभर काडतुसाचं पितळ म्हणतात, कारण इतकं ओढलं तरी ते फाटत नाही. तुमच्या वाट्यांचा पत्राही बहुतेक त्याच्याच आसपासचा असणार.

त्या सोनेरी रेघा म्हणजे डायला चिकटलेलं पितळ. वंगण कमी पडलं किंवा पोलादाचा पृष्ठभाग खडबडीत झाला की दाबाखाली पितळाचा कण पोलादाला धरतो. मग त्या कणावर दुसरा कण बसतो. वाटीवरचा ओरखडा तो ढीगच काढतो, पोलाद नाही. म्हणून डाय घासून मोठी करण्यात अर्थ नाही, फक्त चिकटलेलं उतरवायचं.

पहिल्यांदा सगळं सुटं करा. सुटं करायच्या आधी डाय, तिला धरणारा होल्डर आणि तिच्या खालचा जाड बोल्स्टर यांवर जुळणाऱ्या खुणा करा आणि खालचे शिम (उंची जुळवायचे पातळ पत्रे) ज्याचे त्याच्यापाशी तारेत ओवून ठेवा. डाय रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा. सकाळी नायलॉनच्या ब्रशने धुवा. लालसर गंज वरवरचा असेल तर इथेच निघेल.

मग कापसाचा बोळा कोरडाच घेऊन डायच्या आतून हलक्या हाताने वरून खाली न्या. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे खोट आहे. डोळ्याला न दिसणारंही कापूस दाखवतो. त्या जागांवर मार्करने खूण करा.

आता सागाची किंवा बांबूची काठी घ्या, टोक डायच्या गोलाईसारखं घडवा. तिच्यावर डायमंड पेस्ट लावून, तेलाचा थेंब टाकून, पितळ सरकतं त्याच दिशेने वरखाली घासा. गोल नाही. आधी जरा भरड पेस्ट, मग बारीक. पेस्ट बदलताना काठीही बदला, नाहीतर भरड कण बारकीत जाऊन सगळी मेहनत वाया. प्रत्येक टप्प्यानंतर रॉकेलने धुऊन पुन्हा कापूस फिरवा. तंतू अडकायचे थांबले की तुम्हीही थांबा. आरसा करायच्या नादात माप जातं.

गंजाने खड्डे पाडले असतील तर मात्र पॉलिशने जाणार नाहीत. खड्डा सरळ अंगात, तोंडापासून खाली असेल तर बहुधा चालून जातो, कारण त्यात तेल राहतं. तोंडाच्या गोलाईवर असेल तर डाय टूलरूममध्ये न्यावी लागेल. ॲसिडने गंज काढू नका. इतक्या कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि पुढे दाबाखाली तडा जायची भीती असते.

अमोनियाचं मी वेगळं लिहितो, त्याला थोडा वेळ लागेल.

---

मेधा, मडगाव

काका अमोनियावर लिहिणारच आहेत, पण मी रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा राहवत नाही. दुकानदाराचं अर्धं खरं आहे. अमोनिया पितळातलं तांबं विरघळवतो आणि पोलादाला फारसं काही करत नाही. पण तुमच्या वर्कशॉपमध्ये पितळाच्या ओढलेल्या वाट्याही पडलेल्या असतात ना! ओढलेल्या पितळात ताण साठलेला असतो. ताण, दमट हवा आणि अमोनियाची वाफ एकत्र आली की ते पितळ आपोआप तडकतं. महिनाभर चांगली दिसणारी वाटी गिऱ्हाइकाच्या देवघरात फुटेल.

हे प्रथम लक्षात आलं तेही आपल्याच देशात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवत. ऋतू सरला की केसेसना चिरा गेलेल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्यामागचं कारण १९२१ मध्ये नीट सिद्ध झालं. इंग्रजीत या तडकण्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात, त्यातला 'सीझन' म्हणजे आपला पावसाळा.

पितळ चमकवायच्या काही द्रव पॉलिशमध्येही अमोनिया असतो. बाटली उघडताच नाकाला कळतं. तयार माल गोठ्याजवळच्या खोलीत ठेवत असाल तर तोही हलवा.

---

निवृत्त फिटर, खडकी

मेधाताईंनी माझं काम केलं. एवढंच जोडतो: शेवटच्या ड्रॉनंतर वाट्या २५० ते ३०० अंशांना तासभर तापवल्या तर आतला ताण बराच उतरतो आणि पितळ मऊही पडत नाही. दोन ड्रॉच्या मधलं मऊ करणं वेगळं, त्याला याच्या दुप्पट तरी उष्णता लागते.

रीलोडिंगच्या व्हिडिओबद्दल. त्यांच्या डाय म्हणजे वापरलेली केस पुन्हा मापात दाबणारी छोटी साधनं. साफ करायची रीत तीच: सुटी करा, सॉल्व्हंटने जुनं वंगण आणि मळ काढा, आतून मऊ कापड, शेवटी तेलाचा पातळ हात. साध्या पोलादी डायला ते केसवर वंगण लावतातच, नाहीतर केस आत रुतून बसते. पिस्तुलाच्या सरळ केससाठी टंगस्टन कार्बाईडची कडी असलेली डाय मिळते, तिच्यात वंगणाशिवाय चालतं, कारण कार्बाईडला पितळ सहसा धरत नाही. तुमचा धंदा वाढला तर कपिंगच्या डायमध्ये कार्बाईडचं इन्सर्ट बसवायचा विचार करा. महाग आहे, पण हे रोजचं घासणं कमी होईल.

त्यांचा एक स्प्रे मात्र उचलू नका, कार्ब्युरेटर धुवायचा. तो ग्रीस पुसून काढतो आणि पोलाद पूर्ण उघडं ठेवतो. त्यांच्याकडे कोरड्या हवेत रात्र निघते. गोव्यात जुलैमध्ये दुपारचा चहा होईपर्यंत लाली धरेल. स्प्रे मारलाच तर लगेच तेल.

---

रायगडचा राजू

काका, अवांतर आहे, पण त्या रीलोडिंगच्या डाय मागवता येतात का आपल्याकडे?

---

निवृत्त फिटर, खडकी

नाही, आणि तो विचारही करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच दारूगोळा बनवायची यंत्रं आणि त्याचे भाग धरले आहेत. परवान्याशिवाय जवळ बाळगणंही अंगाशी येईल. निरांजनाच्या डायला कुणी काही विचारणार नाही.

---

लॅथमास्तर, कोल्हापूर

ठेवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. वर्तमानपत्र आधी फेक. कागद पाणी धरून ठेवतो. लाकडी पेटीही नको, ताज्या लाकडातून आंबट वाफ येते, तीही पोलादाला खाते. फोमसुद्धा नको.

साबणाच्या पाण्यावर काम करतोस ना? मग गंजाचं बी तिथेच आहे. काम संपलं की डायवर साबणाचा थर सुकतो आणि तो हवेतलं पाणी ओढत राहतो. रोज संध्याकाळी डाय प्रेसवर असतानाच गरम पाण्याच्या फडक्याने पूस, हवा मार आणि तेल लाव. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते रोज व्हायला हवं.

महिनाभराहून जास्त ठेवायच्या असतील तर गंजरोधक तेल वेगळं मिळतं, ते लाव. डब्ल्यूडी-४० वर विसंबू नको. ते पाणी हटवायला उत्तम, नावातच ते आहे, पण थर पातळ असतो, पावसाळाभर टिकत नाही. तेलावर व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) गुंडाळ. घेताना पितळालाही चालतो ना हे विचार, तुझ्या डायच्या होल्डरला पितळी बुश असतील तर.

मग पत्र्याचं कपाट. आत खाली १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब कायम चालू. एलईडी नको, तो तापत नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश गरम राहिली की पोलादावर दव बसत नाही. वीज जाते तेव्हासाठी सिलिका जेलच्या थैल्या ठेव, निळी गुलाबी झाली की तव्यावर भाजून घे. बल्ब कागदापासून लांब.

आणि डाय जमिनीवर कधीही नाही. सकाळी शटर वर केलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि रात्रभर गार झालेल्या पोलादाला घाम फुटतो.

---

मेधा, मडगाव

तेल लावल्यावर उघड्या हाताने उचलू नका. घामातलं मीठ पुरेसं असतं, बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज येतो. आपल्याकडे हवेतही खारेपणा आहे. कुंडई समुद्रापासून जरा आत असली तरी वारा तिकडूनच येतो.

---

कुंडईवाला

सगळ्यांचे आभार.

लॅथमास्तर, पंचाचं भोक बुजलेलंच होतं. तार आत जाईना, म्हणून रॉकेल घालून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी हवा मारली. काळा मेणासारखा तुकडा थेट समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. वाटी आता स्ट्रिपरला लागताच सुटते, काठ वाकत नाही.

काका, कापसाची युक्ती भारी आहे. मला रेघा तीन दिसत होत्या, कापूस पाच ठिकाणी अडकला. काठीने घासून चार गेल्या. पाचव्या जागी गोलाईवर पिनच्या डोक्याएवढा खड्डा आहे, पितळ उतरल्यावर तो उघडा पडला. त्या जागेवरून वाटीवर अजून केसाएवढी रेघ येते. बफ मारल्यावर जाते, म्हणून या चवथीपुरता असाच माल काढायचा म्हणतोय. साबणाच्या पाण्याऐवजी ड्रॉईंगचं तेल वापरलं तर ती रेघ कमी होईल का? आणि ते तेल भट्टीत घालायच्या आधी वाटीवरून पूर्ण काढावं लागतं का?

---

निवृत्त फिटर, खडकी

कमी होईल. जाड तेल घ्या, पण बाटलीवर क्लोरीन असल्याचं लिहिलं असेल तर नको. त्याचा उरलेला थर दमट हवेत आम्ल होऊन डायला खातो. आणि हो, भट्टीआधी तेल धुवावंच लागतं, नाहीतर पितळावर काळे डाग जळून बसतात आणि बफही हात टेकतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, साध्या पाण्यातून दोनदा काढा, पूर्ण सुकवा, मग भट्टी.

खड्ड्याची डाय चवथ झाली की टूलरूमला द्या. तिथे सांगा, गोलाई पुन्हा घासा, आतलं माप हलवू नका.