मदत हवी आहे: आईचे दात एकामागून एक चाललेत, मधुमेहाचा संबंध असेल का?

नमस्कार. आई ६८ वर्षांची आहे. मधुमेह जुना आहे, रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. दाढा बऱ्याचशा गेल्या, आता खालचे पुढचे दात हलायला लागलेत. कीड एकालाही नाही. दुखत नाही, म्हणून तिला काळजीही वाटत नाही. "वय झालं की दात पडायचेच" म्हणते आणि विषय संपवते. मला हे अजिबात पटत नाही.

ब्रश केल्यावर थुंकी गुलाबी येते. हिरड्या इतक्या खाली सरकल्यात की दात लांबच लांब दिसतात. घास नीट चावला जात नाही, मग ती तो पाण्याबरोबर गिळते. फळं, दाणे, कच्च्या भाज्या सगळं सुटलंय. उरलंय ते मऊ आणि पिठूळ, आणि त्याने साखर आणखी वाढते.

दातांचे डॉक्टर म्हणतात, हलणारे सगळे काढून कवळी बसवू. साखरेचे डॉक्टर तोंडात बघतही नाहीत. आधी काय करायचं? दात वाचतील का? आणि काढायचेच झाले तर रक्ताची गोळी थांबवायची का?

प्रतिसाद १

मी दंतवैद्य आहे, हिरड्यांचंच काम करते. नुसत्या वयाने दात पडत नाहीत. तुम्ही सांगताय ती लक्षणं पायोरियाची वाटतात. दातांवरचा चिकट थर साफ झाला नाही की त्याचं कीटण होतं, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खालचं हाड हळूहळू झिजतं. हे बहुतेकदा न दुखताच होतं, म्हणून लोक उशिरा येतात.

मधुमेहाशी नातं दोन्ही बाजूंनी आहे. साखर जास्त असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि जखमा भरायला वेळ लागतो. उलट हिरड्यांतली सूज साखर चढी ठेवते. मुळांपर्यंतची साफसफाई नीट झाली तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरलेलं अनेक अभ्यासांत दिसलंय. हृदयविकाराशीही संबंध आढळतो, पण हिरड्यांमुळेच तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्या भीतीने दात काढू नका.

आधी एक्स-रे काढून प्रत्येक दाताभोवती हाड किती उरलंय ते बघायला सांगा. थोडे हलणारे दात साफसफाईनंतर घट्ट होऊ शकतात. खालची पूर्ण कवळी वरच्याइतकी कधीच धरून बसत नाही, आणि दात काढल्यावर हाड आणखी झिजतं. म्हणून खालचे दोन धड दात राहिले तरी मोलाचे. गोळी स्वतःहून बंद करू नका, बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दात काढता येतो.

प्रतिसाद २

आईंचं तोंड कोरडं पडतं का? रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. सगळ्या औषधांची यादी दातांच्या डॉक्टरांना दाखवाच. आमच्या बाबांच्या वेळी नेमकं तेच कुणी विचारलं नव्हतं.

धागाकर्ती

तोंड कोरडं पडतं, रात्री उठून पाणी पिते. यादी काढताना लक्षात आलं की हाडं ठिसूळ झाल्यामुळे तिला वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन देतात. त्याचा दात काढण्याशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद १

आहे, विचारलंत ते फार बरं केलंत. ठिसूळ हाडांवरच्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याची जखम कधीकधी भरत नाही. ठिसूळ हाडांसाठी देतात त्या मात्रेत हे क्वचितच होतं, तरी औषधाचं नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख दातांच्या डॉक्टरांना सांगा आणि दात काढायचं ठरतंय हे इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. त्यांचं आपसात बोलणं होईपर्यंत एकही दात काढू देऊ नका. साफसफाईला मात्र लगेच जा.