नवतपातली ओल : तुमचं तुम्ही पाहिलेलं लिहा

लक्ष्मीनगर

नवतपा आला. नागपुरात हे सगळ्यात तापलेले नऊ दिवस कसे जातात ते एकमेकांना सांगायची गरज नाही. म्हणूनच वाटलं, ह्याच दिवसांत विचारावं: रोजच्या झाडापाखरांत, पाण्यात कधी असं काही दिसलं का, की मनाला पुन्हा उभारी आली? देव म्हणा, श्रद्धा म्हणा, नाव तुमचं. फक्त स्वतः पाहिलेलं लिहा.

माझं सांगते. जानेवारीत बाबांना लकवा झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. देवघरात दिवा लावणं मी सोडून दिलं होतं. मार्चअखेर कूलरची खस बदलायला गेले, तर आत होल्याचं घरटं आणि दोन अंडी. बाबांची खाट त्याच खिडकीशी. मी हात घालणार तोच त्यांनी डावा हात उचलून मला थांबवलं. जवळपास महिनाभर आम्ही पंख्यावर काढला. नरमादी पाळ्यांनी बसायचे, एक दिवसभर, एक रात्री. भाऊ आणि मीही बाबांजवळ तशाच पाळ्या लावून बसत होतो. दुपारी तीनच्या उन्हात चोच उघडी टाकून बसलेला तो पक्षी पाहत बाबा झोपी जायचे. पिल्लं उडाली त्या संध्याकाळी मी दिवा लावला. बाबा अजून बोलत नाहीत. दिवा मात्र रोज लागतो.

काटोलकडचा संत्रा बागायतदार

ताई, मी बागेबद्दल लिहितो. एका साली आंबिया बहार, म्हणजे थंडीअखेरचा फुलोरा, गारपिटीनं झोडपला. सकाळी झाडाखाली फुलांचा नि गारांचा सडा, मी बांधावर उभा राहून नुसता पाहून राहिलो होतो. मग मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा फुलोरा, धरायचं ठरवलं. ज्याची बाग नाही त्याच्यासाठी सांगतो: संत्र्याला फुलवायचं तर आधी पाणी तोडावं लागतं. ह्याला ताण देणं म्हणतात. मे महिन्याच्या उन्हात झाड मलूल होते, पानं पिवळी पडतात, काही गळतात. विहिरीत पाणी असून द्यायचं नाही. माझी आई रोज विचारे, "किती दिवस उपाशी ठेवशील रे त्यायले?"

मग मृगाचा पाऊस आला. काही दिवसांनी रात्री घरात वास शिरला, आई उठून अंगणात गेली. सगळी बाग पांढरी झाली होती.

आता एक महत्त्वाचं. लोक ह्यावरून म्हणतात, दुःखानंच माणूस फुलतो. मला ते पटत नाही. ताण हलक्या जमिनीत कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त द्यावा लागतो, आणि अती झाला तर फांद्या वाळतात, झाड जाते. म्हणून मी रोज पानं पाहत फिरत होतो. देवाकडंही माझं तेवढंच मागणं आहे. ताण दे, पण बांधावर येऊन पाहत जा.

लक्ष्मीनगर

दादा, हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

इंदोरा

मी देव मानत नाही, तरी लिहिते. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी लहान पोर होती, बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर आली होती. तिथला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापुराहून आणलेल्या फांद्यांतून वाढलेला. आजी गेली त्या वर्षी मी त्याच्याखाली बसायला लागले. वारा जाणवत नसतो, तरी पिंपळाचं पान हलत असतं, कारण देठ लांब आणि बारीक. जुनं पान गळतं, नवं तांबूस येतं. अनित्य हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. तिथं बसल्यावर त्याची भीती वाटेनाशी झाली.

रात्रपाळीची परिचारिका

थोडंच लिहिते. ज्या रात्री रुग्ण हातचा जातो, त्या सकाळी थेट घरी जात नाही, फुटाळा तलावावर थांबते. पाणकावळे पंख पसरून वाळवत उभे असतात. ते उडेपर्यंत थांबते. माझी प्रार्थना तीच.

अंबाझरीखालची वस्ती

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, पाणी घरात छातीपर्यंत चढलं. लग्नाचे फोटो, मुलीची पुस्तकं, देव्हारा, सगळं गाळात. कित्येक दिवस फावड्यानं गाळ उपसत होतो. अंगणातला थर तसाच राहिला, तेवढं बळच उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आसपास त्या थरातून रोपं वर आली. आम्ही काही पेरलं नव्हतं. पान चुरगाळून वास घेतला तर टमाटर! कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं बी वाहत येऊन आमच्या दारात थांबलं होतं. बायको तिथंच गाळात बसली आणि पुरानंतर पहिल्यांदा रडली. आधी ती रडलीच नव्हती. काड्या रोवून रोपं बांधली, पोरीनं रोज पाणी घातलं.

थंडीत फळ धरलं. पहिले चार टमाटर शेजारच्या काकूंना नेऊन दिले. त्यांचं घर आमच्या वरच्या अंगाला, बी कदाचित त्यांचंच असेल.