मदत हवी आहे: ‘अलकनंदा’ दीर्घिकेच्या तक्त्यावर अंतर कोणते लिहावे?

नमस्कार. मी पुण्यातील एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. विज्ञान दिनासाठी वर्गाने ‘अलकनंदा’ या सर्पिल दीर्घिकेचा तक्ता करायला घेतला आहे. आपल्याच शहरातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ती जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून शोधल्याचे कळल्यापासून मुले हरखून गेली आहेत. (रेडिओ केंद्रातली माणसे अवरक्त प्रतिमा कशाला पाहत होती, हेही एकाने विचारून झाले.)

चित्र झाले. मंदाकिनी म्हणजे आपली आकाशगंगा, म्हणून तिच्यासारख्या दिसणाऱ्या दीर्घिकेला मंदाकिनी नदीच्या बहिणीचे, अलकनंदा नदीचे नाव, ही माहितीही लिहून झाली. ‘अंतर’ या शब्दापुढची जागा मात्र आठवडाभर कोरी आहे. तिथून प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम 1.5 अब्ज वर्षांचे होते, म्हणजे तो 12 अब्जांहून अधिक वर्षे प्रवास करतो आहे. पण त्या काळात विश्व प्रसरण पावतच होते, आणि ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली, त्याचे माप) 4.05 धरून मी हिशेब केला तेव्हा आजचे अंतर सुमारे 24 अब्ज प्रकाशवर्षे आले. हा आकडा लिहिला, तर 13.8 अब्ज वर्षांच्या विश्वात 24 अब्ज कुठून आले, असे पालक विचारणार; 12 लिहिला, तर तो प्रवासाचा काळ आहे, अंतर नव्हेच.

दुसरी अडचण प्रात्यक्षिकाची आहे. या ताम्रसृतीमुळे तरंगलांबी पाचपटीहून किंचित अधिक होते, त्यामुळे हायड्रोजनची 656 नॅनोमीटरची लाल रेषा 3.3 मायक्रोमीटरवर, थेट अवरक्तात जाते. ही ताम्रसृती 21 फिल्टरांमधून घेतलेल्या प्रतिमांतील चमक ताडून काढलेली आहे, हे मुलांना पटले. ताणले जाणे हातात धरून दाखवावे म्हणून तुळशीबागेतून परकराच्या नाडीचे इलॅस्टिक आणले आणि त्यावर निळ्या शाईने लाट काढली. ते दुप्पट ताणेपर्यंत शाईला भेगा पडल्या आणि पुढे ते हलेचना.

तरी जाणकारांनी कृपया सांगावे: आठवीच्या तक्त्यावर कोणता आकडा कोणत्या शब्दांत लिहावा, आणि पाचपट ताणले जाईल असे स्वस्त काय मिळेल? फुगा सुचवू नये. त्यावरची लाट दोन्ही बाजूंनी फुगते आणि मुले तिची उंचीच मोजत बसतात. तक्ता शुक्रवारी लॅमिनेशनला द्यायचा आहे.